तीस लिटर हवा

आमच्या वऱ्हाडात 'हवा' हा शब्द वाऱ्यासाठी क्वचितच वापरतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४६ अंशांवर गेला की वारा असतोच कुठे? हवा असते ती माणसाची. "त्याची भल्ली हवा हाय बाप्पा," असं कोणाबद्दल म्हटलं की समजावं, गडी निवडणुकीला उभा आहे किंवा त्याच्या गाडीच्या डिक्कीत ऊफर आहे. निवडणुकीतली हवा निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत टिकते. डिक्कीतली हवा मात्र लिटरमध्ये मोजता येते, आणि ती मोजण्यात मी गेल्या उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवली.

अमरावतीच्या राजकमल चौकात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. गाडी दिसण्याआधी तिची ढम्म येते. काचा बंद, आत चार पोट्टे गंभीर चेहऱ्यानं बसलेले, आणि मागची नंबर प्लेट टाळ्या वाजवत असते. गाणं कोणतं ते कळत नाही, कारण गाणं आतल्यांसाठी असतं आणि ढम्म बाहेरच्यांसाठी. सिग्नल सुटतो, गाडी निघून जाते, तरी पानठेल्यावरच्या काचेच्या बरण्या थोडा वेळ थरथरत राहतात.

माझ्या अकरा वर्षांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. दाराच्या स्पीकरांतून तबला यायचा तो डग्गा घरी विसरून आल्यासारखा. अकोल्याला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा एकदा शेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीत गाणं वाजत नाही. गाण्याची बातमी येते." पुढच्या खेपेला तो चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आत १२ इंची ऊफर होता. त्याच्या वडिलांनी घरात वाजवायला बंदी घातल्यामुळे तो मामाकडे आजोळी आला होता. (याला दुकानदार वूफर म्हणतो, मिस्त्री ऊफर म्हणतो आणि शेजारचे काका बफर म्हणतात. तिघांनाही गिऱ्हाईक समजून घेतं.)

"डब्बा तेवढा बनवून घ्या," भाचा म्हणाला. "स्पीकरात काही नसते मामा. जे असते ते डब्ब्यात असते."

मी गेली बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतो. घनफळ हा माझा हातखंडा धडा. डबा म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. त्याला भाचा कशाला पाहिजे, असं मला वाटलं होतं.

पहिला प्रयोग डब्याशिवायच केला. ऊफर टेबलावर उताणा ठेवला, वायरी जोडल्या आणि गाणं लावलं. एवढा धिप्पाड देह, पाठीवर चुंबकाची चकती, आणि आवाज डास गुणगुणावा तसा. पडदा बिचारा जिवाच्या आकांतानं आतबाहेर करत होता, पण ढम्म नावाला नाही. कारण साधं आहे. पडदा पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. जाड सूर सावकाश हलतात, म्हणून पुढच्या हवेला कडेवरून वळसा घालून मागचा खड्डा भरायला भरपूर वेळ मिळतो. बंडीला एक बैल पुढून जुंपला आणि दुसरा मागून, तर दोघंही घामाघूम होतात आणि बंडी जागची हलत नाही. या दोन बैलांमध्ये भिंत घालायची, यासाठी डबा.

घरात तयार डबा एकच होता: गव्हाची पत्र्याची कोठी. झाकण काढलं तर ऊफर तिच्या तोंडावर बरोब्बर बसला. मी गाणं लावलं आणि फडताळातले स्टीलचे पेले एकदम बोलायला लागले. स्वयंपाकघरात प्रथमच डग्गा आला होता.

आतून आवाज आला, "अहो, ते काढा तिथून. दळण टाकायचंय."

"थांब जरा. बेस आलाय!"

"बेसन कालच संपलंय. येताना घेऊन या."

दोन पायल्या गहू काढून झाले, ऊफर परत ठेवला, आणि ढम्म मघापेक्षा थोडी खोल गेली असं मला वाटलं. सौभाग्यवतींनी पिठाच्या डब्याला टेकून ते ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीपर्यंत गहू सरले की अजून बरं वाजेल."

बाईंनी दळणाच्या नादात जे सांगितलं, तेवढ्यावर अमेरिकेत एका माणसाचं नाव झालं. एडगर विलचर त्याचं नाव, आणि साल १९५४. तोवर स्पीकरचा पडदा ताठ बसवायचे आणि डबा कपाटाएवढा करायचे. विलचरनं पडदा ढिला सोडला आणि त्याला सावरायचं काम डब्यात कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवा म्हणजे स्प्रिंग. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबून पाहा. तो परत वर येतो, त्याला वर आणणारी हवाच. आता पंपात हवा जितकी कमी तितकी ती ताठर. जितकी जास्त तितकी लवचीक. गव्हानं भरलेली कोठी ताठर आणि सरत आलेली कोठी मवाळ. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थील नावाच्या इंजिनिअरनं आणि सत्तरच्या दशकात स्मॉल नावाच्या दुसऱ्यानं या सगळ्याचं गणित पक्कं केलं. आज कोणत्याही बऱ्या ऊफरसोबत एक कागद येतो आणि त्यावर या दोघांच्या नावाचे आकडे असतात. पडदा स्वतःहून कोणत्या सुरात डोलतो, त्याला थांबायला किती वेळ लागतो आणि त्याचा ताठपणा किती लिटर हवेच्या बरोबरीचा आहे. पत्रिकेतल्या गुणांसारखे हे आकडे डब्याशी जुळवायचे. भाच्यानं पत्रिका जुळवून मोबाइलवर निकाल पाठवला: एक घनफूट, बंद डबा.

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. किराणावाल्याच्या भाषेत पंधरा किलोवाल्या तेलाचे पावणेदोन डबे.

भाच्याला खरं तर बंद डबा नकोच होता. "बंद डब्बा म्हणजे रिटायर लोकांचा बेस, मामा. पोर्टवाला करा." पोर्ट म्हणजे डब्याला ठेवलेलं नळकांडं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते ना, तीच युक्ती. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं तिचा हिशेब मांडला, म्हणून ती त्याच्या नावावर आहे. माझ्या आईनं हेल्महोल्ट्झ वाचला नव्हता, पण नळाखाली गुंड लावून ती अंगण झाडायला जायची आणि बरोब्बर गुंड भरताना परत यायची. पाणी चढतं तशी आतली हवा कमी होते आणि आवाज बारीक होत जातो; तेवढ्या सुरावर तिचा कान असायचा. नळाची वाट पाहणाऱ्या गावात हे शास्त्र प्रत्येक बाईला येतं. पोर्टच्या डब्यात हाच घुमारा ठरलेल्या सुराला बांधतात आणि मग थोड्या ताकदीत खूप ढम्म निघते. पण त्याला डबा जवळजवळ दुप्पट लागतो आणि नळकांड्याची लांबी चुकली तर एकच सूर बोंबलत राहतो. माझ्या डिक्कीत स्टेपनी, जॅक आणि सासुरवाडीहून येणारी तुरीची डाळ एवढ्यांची सोय आधी लावायची होती. मी रिटायर लोकांचा बेस घेतला.

मग कागद-पेन्सिल. बाहेरून ४२ × ३६ × २८ सेंटीमीटर. गुणाकार ४२ लिटरच्या वर जातो आणि माणूस खूश होतो. पण फळी १८ मिलिमीटरची, आणि ती प्रत्येक बाजूला दोन्हीकडून खाते. म्हणजे आतलं माप ३८.४ × ३२.४ × २४.४. गुणाकार ३०.४ लिटर. बारा लिटर लाकडानं गिळले. शिवाय ऊफरचं बूड आत दोनेक लिटर जागा अडवतं. राहिले अठ्ठावीस आणि थोडे. अगदी तंतोतंत. दरवर्षी मी परीक्षेत हेच गणित घालतो, 'लाकडाची जाडी अमुक असल्यास पेटीची धारकता काढा', आणि दरवर्षी अर्धा वर्ग जाडी एकदाच वजा करतो. मी दोनदा वजा केली होती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं गणित, ज्याचं उत्तर वाजणार होतं.

कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलो.

"मिस्त्री, एक पेटी बनवायची आहे."

"संत्र्याची?" आमच्याकडे वरुड-मोर्शीचा मोसम असला की पेटी म्हणजे हीच.

"नाही हो. वाजवायची."

"थे आपल्याच्यानं नाई होत सर. सूर लावाव लागते. भाता लागते."

"हार्मोनियम नाही! गाडीतली. ऊफर बसवायची."

"अस्सं सांगा ना मंग." त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "लाकूड कोणतं?"

"एमडीएफ. अठरा एमएम."

मिस्त्रीनं रंधा खाली ठेवला. साठीचा माणूस, परतवाड्याच्या लाकडावर हात बसलेला. मेळघाटच्या सागवानापासून त्यानं देव्हारे आणि चौकटी केल्या आहेत. "सर, थो भुसा हाय. दाबून बसवलेला भुसा. पाऊस लागला का पापडावानी फुगते. सागवान घ्या, नातवापर्यंत टिकन."

मी त्याला समजावलं की सागवानाची फळी स्वतः गायला लागते. तिला रेषा असते, गाठ असते, ती एका बाजूनं मऊ आणि दुसऱ्या बाजूनं कडक असते. आपल्याला मुकी आणि जड फळी पाहिजे. भुसा मुका असतो.

"लाकूड गाते म्हून त्याले काढून टाकायचं," मिस्त्री हळूच म्हणाला, "अन् भुशात गाणं वाजवायचं. बरं."

कागद पाहून त्यानं दुसरी अडचण सांगितली. "हे सेंटीमीटर-फिंटीमीटर आपल्याले नाई समजत. सुतात सांगा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात मिलिमीटर अजून पाहुणा आहे, घरचा कारभार सुतावरच चालतो. मी तिथल्या तिथे रूपांतर केलं: पंधरा इंच एक सूत, बारा इंच सहा सूत, नऊ इंच पाच सूत. त्यानं ते प्लायच्या तुकड्यावर लिहिलं: १५-१, १२-६, ९-५. अर्ध्या सुताचाही फरक नव्हता. मला माझ्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली. पण त्या रूपांतरात 'आतून' हा एक शब्द मागच्या कागदावरच राहिला. सेंटीमीटरचं सूत झालं आणि आतलं बाहेर झालं.

"उद्या संध्याकायी या," तो म्हणाला. "सहाच्या आत. मंग मी प्रार्थनेले जातो." तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्याकडे गावोगाव होते. मिस्त्री तिथल्या भजनात तबला-डग्ग्यावर बसतो हे मला ठाऊक होतं, पण पेटीशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी तयार होती आणि काम देखणं होतं. गुण्या लावून पाहिला तर कोपरा केसभर हलत नव्हता. फेव्हिकॉल, स्क्रू, वर लांबी, लांबीवर काळं फेल्ट. पुढच्या फळीला गोल भोक असं की ऊफर टोपीसारखा बसला. घरी येऊन मी टेप आत घातला. साडेचौतीस पावणेपस्तीस... एकोणतीसला थोडं कमी... एकवीसला थोडं कमी. गुणाकार जेमतेम २१ लिटर. तिसातले जवळजवळ दहा लिटर हवेचे हवेत गेले होते.

मी तक्रार घेऊन गेलो तर मिस्त्रीला चूक कोणती तेच कळेना. "टेप लावा सर. पंधरा एक. बारा सहा. नऊ पाच. कुठी चुकलो?" आणि खरंच तो कुठे चुकला होता? कपाट असो, दिवाण असो, देव्हारा असो, गिऱ्हाईक माप सांगतं ते बाहेरून. भिंतीला किती लागणार ते. आत काय राहील ते ज्याचं त्यानं कोंबून बसवायचं असतं. पोकळीचं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तरी पेटी बसवली. वायरिंगवाल्यानं बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर ओढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. अँपच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत १२०० वॅट लिहिलं होतं. फ्यूज होता २० अँपिअरचा. गाडीचे १२ व्होल्ट गुणिले २० म्हणजे २४० वॅट, हे सातवीतलं पोरगं सांगेल. उरलेले ९६० वॅट खोक्यावरच राहतात. ते वाजवायचे नसतात, पानठेल्यावर सांगायचे असतात. रात्री दिवे लावून गाणं लावलं तर प्रत्येक ठेक्याला दिवे मंदावायचे. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं मी अप्पर-डिप्पर देतोय. त्यानं शहाण्यासारखी साइड दिली.

फळ्यांच्या सांध्यांतून हवा गळते का ते पाहायला भाच्यानं उपाय सांगितला होता. बारीक ढम्म चालू ठेवायची आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवायची. जिथे फट असेल तिथे धूर उडतो. मी डिक्की उघडून भक्तिभावानं उदबत्ती ओवाळत होतो. शेजारचे काका गेटवर थांबले, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "नवी घेतली का सर?"

सांधे पक्के होते, आवाज पक्का नव्हता. छोट्या पेटीत हवा ताठरली होती. प्रत्येक गाण्यात, मग ते भावगीत असो की लावणी, एकाच जागी एकच ढम्म उठायची, जशी काही मंडळी कोणत्याही विषयावर एकच मत देतात.

रविवारी अकोल्याला निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता सामान्य राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, तो २५ किलोमीटरचा आणि त्याला दहा दिवस लागले होते. जुन्या रस्त्यावर ऊफरची गरजच नव्हती. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत रस्ताच वाजायचा, खालून, आणि ताल कधी चुकायचा नाही. आता रस्ता मुका झाला आणि गाडीतल्या एकेका वस्तूला वाचा फुटली. नंबर प्लेट बोलली, जॅक बोलला, दाराच्या कप्प्यातली सुट्टी नाणी बोलली. मागे बसलेल्या सासूबाई मूर्तिजापूरला म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या पोटात काहीतरी होतंय."

त्यांचा दोष नव्हता. चाळीस हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते आणि आमची गाडी साडेतीन मीटरची. लाट गाडीत मावतच नाही. बंद काचांच्या आत मग लाट धावत नाही, सगळीच्या सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. म्हणून गाडीत बेस फुकटात वाढतो आणि कानाआधी पोटाला कळतो. तापलेल्या हवेत आवाज जोरात धावतो, त्यामुळे पंचेचाळीस अंशांत तीच लाट आणखी दीड वीत लांबते. अकोल्याच्या उन्हात लाटसुद्धा पाय पसरून पडते.

भाच्यानं डिक्कीत डोकं घातलं, पेटीवर टिचक्या मारल्या आणि निदान केलं. "हवा कमी पडली मामा. कापूस भरा."

"हवा आधीच कमी, त्यात कापूस?"

इथे माझं गणित संपलं आणि भाच्याचं भौतिकशास्त्र सुरू झालं. हवा दाबली की तापते आणि तापली की आणखी ताठरते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम लागतं ते यामुळेच. डब्यात मोकळे तंतू भरले तर ते हवेची ही धग शोषतात आणि पडदा मागे येताना परत देतात. हवेचा ताप उतरला की तिचा ताठा उतरतो आणि पडद्याला वाटतं, डबा मोठा झाला. कागदावर हा फायदा ४० टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिळाले तरी पावलं. बाहेर यासाठी पॉलिस्टरचे तंतू वापरतात. आम्ही अकोल्यात उभे होतो. ज्या कापसासाठी इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून घेतलं, अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटल्यावर ज्याला सोन्याचा भाव आला आणि ज्याला आम्ही अजून पांढरं सोनंच म्हणतो, तो कापूस सोडून पॉलिस्टर भरणं म्हणजे वरुडला जाऊन संत्र्याचं सरबत बाटलीतून पिणं.

गादीवाल्याकडे गेलो. आत पिंजणयंत्राचा घरघराट आणि बाहेर बर्फ पडल्यासारखा कापूस.

"किती गाद्या?"

"पाव किलो कापूस द्या. मोकळा पिंजलेला."

त्यानं यंत्र बंद केलं. क्विंटलचा हिशेब करणाऱ्या गावात पाव किलो कापूस मागायला हिंमत लागते. "पाव किलोत उशी होत नाही भाऊ. कोणासाठी पाहिजे?"

"ऊफरसाठी."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग आतल्या पोऱ्याला म्हणाला, "साहेबाले पाव किलो दे. थ्याईच्या डब्ब्याले झोप येत नाही म्हंते."

तंतू उडून ऊफरच्या चुंबकात जाऊ नयेत म्हणून सासऱ्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराची पिशवी शिवली. कापूस दाबून भरायचा नाही, फुलवून ठेवायचा. दाबला की त्याचा गोळा होतो आणि उलट जागाच अडते. ऊफर परत बसवला. नंबर प्लेटमागे, जॅकखाली, दारात फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. गाणं लावलं.

भाचा ऐकत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

"मामा," तो म्हणाला, "वाजून नाही रायला हो."

आणि खरंच ढम्म गेली होती. ढम्मच्या जागी डग्गा आला होता. मनगटाचा दाब पडला की सूर वळायचा, वळून जिरायचा, आणि पुढची थाप पडेपर्यंत मध्ये शांतता असायची. मला ते फार आवडलं. पण गाडीबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मित्राला काहीच ऐकू आलं नाही आणि भाच्याच्या दृष्टीनं हीच खरी दुर्घटना होती. हवा सगळी डब्यात राहिली, गावात गेलीच नाही. मी त्याला सांगून पाहिलं की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तो म्हणाला, "मामा, तेवढ्यात तर आमची मिक्सी पण येत नाही."

परत आलो त्या संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानावरून गाडी घेतली. पावणेसहा झाले होते आणि तो हत्यारं आवरत होता. "मिस्त्री, बसा जरा," म्हटलं. तो गाडीत बसला, पाय बाहेरच ठेवून. मी खंजेरी-भजनांचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज बेताचा.

पहिलं कडवं तो नुसता ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला त्याचा डावा तळवा मांडीवर आला. रेकॉर्डिंगमधला डग्गा घुमला की त्याचं मनगट पुढे सरकायचं, सूर चढला की दाब द्यायचं. तिसऱ्या कडव्याला त्यानं पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं. भजन संपेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

मग तो उतरला, मागे गेला, डिक्की उघडून त्या पेटीकडे पाहत उभा राहिला. आपल्याच हातची वस्तू पहिल्यांदा पाहावी तसा.

"सर," तो म्हणाला, "ह्याच्यात आत काय हाय?"

"काही नाही. हवा. अन् पाव किलो कापूस."

"अन् थे आतलं माप, आतलं माप करत होते तुमी..."

"त्या हवेचं माप होतं ते."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "बाप्पा रे! सर, डग्ग्याले काय असते? वरून चामडं, खालून भांडं, अन् मधात पोकयी. पोकयी लहान पडली का डग्गा बोलत नाही, नुसता ठकठक करते. हे तं मले लहानपणापासून मालूम हाय. तुमी पेटी काहून म्हणाले? पेटी म्हटलं म्हून मी पेटी केली ना. तुमाले तं डग्गा पाहिजे होता!"

बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की गणितात शब्द नीट वाचा, उत्तर शब्दातच असतं.

"दुसरा करून देतो," तो म्हणाला. "भुशाचाच करतो, तुमच्या मनासारखा. माप द्या परत."

"आता मोठा झाला तर लाकूड जास्त लागेल. किती घ्याल?"

"लाकूड लागन तेवढ्याचे घीन." त्यानं सायकल काढली. "पोकयीचे पैसे नाई घेत आपण."

प्रार्थनेची वेळ झाली होती, तो गेला. खिशातल्या चुरगळलेल्या कागदावर सुतातले आकडे 'आतील माप' म्हणून लिहून मी तो दुकानाच्या फळीवर त्याच्यासाठी ठेवला. सकाळी शाळेत जाताना पाहिलं तर त्यानं तो खिळ्याला टांगून ठेवला होता. पंधरा एक, बारा सहा, नऊ पाच, सगळे आकडे होते तसेच. फक्त माझ्या 'आतील माप' या शब्दांवर काट मारून पेन्सिलीनं वर एकच शब्द लिहिला होता: डग्गा.